दुधाच्या घरात गोळी कशाला

मोंघीबेनच्या घरात एक गोष्ट कधी संपली नाही, ती म्हणजे म्हशींचा कॅल्शियमचा कॅन. पाच लिटरचा तो पांढरा कॅन गोठ्याच्या कोनाड्यात असायचा, आणि तळाशी चार बोटं औषध उरलं की जेसंगभाई मोटारसायकलला किक मारून विसनगर गाठायचे. मग ऊन असो, लग्नसराई असो, नाहीतर अंगात ताप असो. आणि त्याच भल्या माणसाला त्याच बाजारातून, त्याच रस्त्यावरच्या दुकानातून बायकोच्या गोळ्यांची एक बाटली आणायची आठवण चार महिने झाली नाही. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं म्हणावं. इथं लिहिलं तर शिवी होईल.

खारीसणा गावात चौधरींची घरं जास्त, आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त. सकाळ-संध्याकाळ दूध मंडळीपाशी, म्हणजे गावच्या दूध सोसायटीपाशी, बायकांची रांग लागते, डोक्यावर बरणी, कमरेवर हात, तोंडाचा पट्टा चालू. मोंघी एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली आणि तिसऱ्या दिवशी म्हशीखाली बसली. ती आजपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं. हात असा की आडमुठी म्हैससुद्धा तिच्यापुढं मान खाली घालून पान्हा सोडायची. आठ म्हशी, दोन वेळा. आधी मंडळीची बरणी भरायची, मग जेसंगभाईंचा पेला, मग मुलगा विक्रमचा, मग आल्या-गेल्याचा चहा. त्यातून उरलंच तर विरजण. घरातल्या बाईला दूध किती? तर चहात रंग येईल एवढं. कुणी नाही म्हटलं नव्हतं, पण कुणी घे असंही म्हटलं नव्हतं.

पोट भरायला मग काय? सकाळी गोड चहा आणि बाजरीचा रोटला, दुपारी रोटला-बटाटा, संध्याकाळी खिचडी आणि पुन्हा गोड चहा. चाळिशी ओलांडली तशी मोंघी फुगत गेली. साखरेचं दुखणं लागलं, गुडघे गेले, वजन एकशे अठरावर पोचलं. चार पावलं चालली की धाप. एक दिवस दूध काढताना बुडाखालचा पाट मोडला आणि ती शेणात आडवी झाली. घर हसलं. म्हशीखाली तिला बसताच येईना, तेव्हा मात्र हसणं थांबलं.

पालनपूरचा तिचा भाऊ वीरसंग आला आणि म्हणाला, "हिला अहमदाबादला नेतो. पोटाचं ऑपरेशन करतात, वजन उतरतं, साखर उतरते."

सासू पुरीबा खाटल्यावरून कडाडली, "पोट कापून कुणी बारीक होतं का रे? कणीक आहे का ती, जादा झाली की कापायला?"

"बा," जेसंगभाई हळूच म्हणाले, "बारीक झाली तर म्हशीखाली बसता येईल तिला."

मग म्हातारी तयार झाली. मोंघी ऑपरेशनला गेली ती श्वास नीट घेता यावा म्हणून, आणि घरानं तिला पाठवली ती म्हशींसाठी. हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण तिनं तोंडातून ब्र काढला नाही, हीच तिची पहिली चूक.

अहमदाबादच्या दवाखान्यात आहार सांगणारी इलाबेन म्हणून एक मुलगी होती. तिनं टेबलावरचा चहाचा कप उचलून दाखवला. "मोंघीबेन, आता एवढंच पोट तुमचं. आणि आतड्याचा जो भाग कॅल्शियम ओढून घ्यायचा, त्याला अन्न आता शिवणारच नाही. तेव्हा ही गोळी दिवसातून तीन वेळा, जन्मभर. लोहाची गोळी वेगळी, मध्ये दोन तास सोडून. दूध सोसलं तर घ्या, साखर न घालता, घोट घोट. नाही सोसलं तर ताक घ्या, पनीर खा. पण गोळी चुकवायची नाही. काय सांगितलं मी?"

"गोळी चुकवायची नाही," मोंघी शाळेतल्यासारखं म्हणाली.

बाजूच्या खुर्चीतले जेसंगभाई खो खो हसले. "दुधाची काळजीच सोडा, बेन! आमच्याकडं दुधाचा पूर आहे." एवढ्या सगळ्या बोलण्यातला दूध हा एकच शब्द त्यांच्या कानात शिरला होता.

आठ महिन्यांत मोंघी त्रेचाळीस किलो उतरली. साखरेच्या गोळ्या सुटल्या. ती पुन्हा म्हशीखाली उकिडवी बसू लागली. मंडळीच्या रांगेत झवेरकाकीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ही झवेरकाकी शेजारची, जिभेला हाड नसलेली बाई.

"अगं मोंघी, अर्धी कुठं ठेवून आलीस?"

"अहमदाबादला, काकी. येताना परत मागायची राहिली."

"मग माझीही नेऊन ठेव की! मेली ही चरबी कुणाला हवी तर देऊन टाक." सगळी रांग हसली. ते दिवस चांगले होते.

दिवाळी झाली आणि गोळ्या संपल्या. मोंघीनं रिकामी बाटली नवऱ्याच्या हातात दिली. संध्याकाळी मोटारसायकल दारात थांबली. मागं पेंडीचं पोतं, पुढं टाकीवर पांढरा कॅन.

"माझ्या गोळ्या?"

"अरे! विसरलो बघ."

पुढच्या खेपेला कॅन आला, आणि गोळ्यांचं विचारलं तर, "दुकानदाराकडं नव्हत्या." त्याच्या पुढच्या खेपेला मोंघीनं तोंड उघडायच्या आत खाटल्यावरून आवाज आला.

"काय लावलंय गं गोळ्या-गोळ्या? दुधाच्या घरात गोळी कशाला? लोक शेण घालतील तोंडात, चौधरीच्या घरात आठ म्हशी आणि वहू खडूचे तुकडे चघळते म्हणून. उद्यापासून दूध पी. ढोसून पी."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी पुरीबानं स्वतःच्या हातानं काशाचा वाडगा भरून दूध मोंघीपुढं धरलं. दोन चमचे साखर, वर तुपाचा तवंग. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! बाळंतपणाचा सव्वा महिना सोडला, तर या घरानं या बाईला कधी वाडगाभर दूध दिलं नव्हतं. कंबर मोडेस्तोवर राबली तेव्हा नाही, तापानं फणफणली तेव्हा नाही. दिलं कधी, तर दूध पचवायची तिच्या पोटात ताकद उरली नाही तेव्हा. आणि तेही गोळ्या आणाव्या लागू नयेत म्हणून!

मोंघी मात्र वेडी. वाडगा तिनं दोन्ही हातांत धरला. "बा, मला?" म्हणाली आणि सगळं दूध पिऊन गेली.

पाच मिनिटांत दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढं अंधारी, पोटात असा मुरडा की भिंत धरत धरत ती परसाकडे पळाली. परत आली तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नखरे," पुरीबा म्हणाली. "अहमदाबादची हवा लागली हिला."

दुसऱ्या दिवशी तिनं साखरेशिवाय मागितलं. घाम नाही आला, पण पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं आणि दिवसभर आत गुडगुड. मग ती ताकावर आली. ताक सोसायचं. तिनं एरंडाच्या शेताच्या बांधावर उभं राहून इलाबेनला फोन लावला.

"ताक छान आहे, घेत राहा," इलाबेन म्हणाली. "पण नुसत्या ताकावर भागायचं नाही, मोंघीबेन. तुमचं आतडं आता पूर्वीचं नाही. गोळ्या चालू आहेत ना?"

"मध्ये जरा राहिल्या."

"किती दिवस?"

"झाले असतील... चार-सहा दिवस."

दोन महिने झाले होते! पण सासरची लाज कशी उघडी करायची? बाई मेली तरी चालेल, घराची अब्रू झाकलेली राहिली पाहिजे. हे कुणी शिकवलं या बायकांना, कोण जाणे. भावाला तरी सांगावं, तर तेही नाही. माहेरी रडगाणं नेणारी पोर म्हणून नाव होईल. शेवटी ती गावातल्या आशाबेनकडं, म्हणजे सरकारी आरोग्यसेविकेकडं गेली, कारण तिच्याकडं कॅल्शियमच्या गोळ्या असतात.

"त्या गरोदर बायांसाठी आहेत, मोंघीबेन," आशाबेन तोंडाला पदर लावून हसली. "काही गोड बातमी असेल तर सांगा, नाव लिहिते."

त्या संध्याकाळी रांगेत सगळ्यांना कळलं होतं. झवेरकाकी म्हणाली, "काय गं, बारीक काय झालीस, जेसंगला पालवीच फुटली की!" मोंघी हसली. हसता हसता ओठांभोवती मुंग्या चालल्यासारखं झालं, आणि तिला वाटलं, थंडी असेल.

थंडी गेली तरी मुंग्या राहिल्या. बोटांची टोकं बधिर व्हायची. दूध काढताना मध्येच हात झटकावे लागायचे. पहाटे पोटरीत गोळा आला की उशी दातांत धरायची. "वात धरलाय," पुरीबानं निदान केलं आणि मोहरीचं तेल पुढं सरकवलं. जेसंगभाईंनी मान डोलावली. म्हशीनं एक वेळ वैरण कमी खाल्ली की हेच जेसंगभाई तिचं पोट दाबून बघायचे, कान चाचपायचे, शेण काडीनं ढवळून बघायचे.

होळीच्या आधी जमना व्याली. जमना म्हणजे गोठ्याची राणी, एका दिवसाला चौदा लिटर. चिकाच्या दुधाचा गूळ घातलेला खरवस दहा घरी वाटला गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मोंघी गोठ्यात गेली तर जमना बसलेली. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान थंडगार, डोळे अर्धे मिटलेले. उठवलं तर उठेना.

"विक्रमचे बापू! जमना बसली!"

जेसंगभाई अनवाणी धावले. एक हात म्हशीच्या कानाला, एक हात फोनला. पाव तासात, पाव तासात बरं का, मंडळीचे गुरांचे दाक्तर परबतभाई दारात हजर.

"जय अर्बुदा. कधी व्याली?"

"परवा, साहेब. वाचेल ना?"

"वाचेल. व्याल्यावर सगळं कॅल्शियम दुधात उतरलं हिचं, अंगात काही उरलं नाही. बेन, तोंडाची दोरी घट्ट धरा. जेसंगभाई, ही बाटली उंच धरा, हलवायची नाही. सावकाश जाऊ दे."

मोंघीनं दोन्ही हातांनी दोरी धरली. जमनाच्या मानेच्या शिरेत सुई गेली. जेसंगभाई बाटली डोक्याच्या वर धरून देवापुढं उभे राहावेत तसे उभे राहिले. पुरीबा कमरेतून वाकलेली, भिंतीला धरून दारात आली. तेवढ्यात झवेरकाकीही खरवसाचा रिकामा डबा परत करायला आली आणि जमना पडलेली बघून तिथंच थबकली.

अर्धी बाटली गेली असेल. जमनानं कान हलवला. आणि मोंघीचा अंगठा आपोआप तळहातात वळला. बोटं एकमेकांना चिकटून ताठ झाली, मनगट आत मुडपलं. मग दुसरा हात. दोरी मुठीत तशीच.

"बेन, आता दोरी सैल सोडा," परबतभाई म्हणाले.

"सुटत नाही, साहेब."

"म्हणजे?"

"बोटं उघडत नाहीत."

परबतभाईंनी तिच्या हाताकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं. "ओठांना मुंग्या येतात?"

"येतात."

"पोटऱ्यांत गोळे?"

"येतात. रोज."

"नाटकं आहेत, साहेब," पुरीबा मध्येच म्हणाली. "दूध पी म्हटलं की हिचं असंच काहीतरी निघतं."

परबतभाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. "अहमदाबादला ऑपरेशन झालंय ना तुमचं? कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत?"

मोंघीनं नवऱ्याकडं बघितलं.

"जेसंगभाई, हातात काय धरलंय तुम्ही?"

"बाटली."

"कसली?"

"कॅल्शियमची."

"म्हशीला कॅल्शियम. आणि हिला?"

"हिला... हिला दूध देतो की आम्ही. दुधाच्या घरात..."

"अहो, दुधानंच भागत असतं तर जमनालाच पाजायचं होतं तिचं दूध! मला कशाला बोलावलंत?" परबतभाई ओरडलेच. "चौदा लिटर दूध देणारी म्हैस कॅल्शियमवाचून पडलीय तुमच्या डोळ्यांसमोर, तरी डोक्यात प्रकाश पडत नाही? मी गुरांचा दाक्तर, माणसाला सुई लावता येत नाही मला. पण डोळे आहेत मला. गाडी काढा. आत्ता. विसनगरच्या दवाखान्यात न्या, छातीवर जाईल हे."

जेसंगभाईंनी वर बघितलं. बाटलीत अजून चार बोटं उरली होती.

"एवढी संपली की निघतो, साहेब."

बस्स! मोंघीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पंचेचाळीस वर्षांत ज्या बाईचा आवाज गोठ्याच्या बाहेर गेला नव्हता, तो शेजारच्या तीन घरांत ऐकू गेला.

"संपू द्या! संपू द्या की! मग मला जमनाशेजारी बांधा आणि माझ्याही मानेत टोचा! अहो, मी म्हैस असते तर पाव तासात दाक्तर आला असता माझ्यासाठी! चार महिने, चार महिने मी तुम्हांला एक बाटली मागतेय. कॅन आठवतो, पेंड आठवते, म्हशीच्या गळ्यातली घंटा आठवते, आणि मी आठवत नाही? माझे हात चालले तोवर तुमचं घर चाललं. आता हे बघा हात! बघा ना!" तिनं ते दोन्ही मुडपलेले हात दोरीसकट नवऱ्याच्या तोंडापुढं धरले. मग पुरीबाकडं वळली. "आणि बा, तुम्ही! नखरे म्हणालात मला. तुम्ही कधी प्यायलात वाडगाभर दूध? सांगा! साठ वर्षं या घरात म्हशी पाळल्यात. तुमची पाठ अशी धनुकली का झाली? ओट्यावरून नुसत्या घसरलात तर मनगटाचे तीन तुकडे का झाले? दुधाच्या घरात ना हो आपण?"

पुरीबानं वाकडं जुळलेलं मनगट पदराखाली घेतलं.

"आण इकडं ती बाटली, मेल्या," झवेरकाकीनं डबा जमिनीवर आपटला आणि जेसंगभाईंच्या हातातून बाटली ओढून घेतली. "म्हशीला मी बघते. तू बायकोला घेऊन जा, नाहीतर उद्या मंडळीच्या रांगेत तुझी अशी काढीन ना, की विसनगरपर्यंत ऐकू जाईल."

विसनगरच्या दवाखान्यात बाटली चढवली तेव्हा कुठं दोन तासांनी मोंघीची बोटं एकेक करून उघडली. कापून मुठीतच राहिलेल्या दोरीचा वळ तळहातावर उमटला होता. तिथल्या दाक्तरांनी जेसंगभाईंना बाजूला घेऊन, उद्यावर ढकललं असतं तर हृदय बंद पडलं असतं असं सांगितलं. जेसंगभाई बाकावर बसून राहिले. मग उठून औषधाच्या दुकानात गेले आणि तीन बाटल्या घेऊन आले. दुकानदाराकडं होत्या. पहिल्यापासून होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली. जेसंगभाईंनी बाटल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीमागं ठेवल्या. मोंघीनं त्यातली एक उचलली, गोठ्यात गेली आणि कोनाड्यात पांढऱ्या कॅनला चिकटून ठेवली.

"अगं, गोठ्यात कशाला?"

"या घरात काय संपलंय ते फक्त या कोनाड्यातलंच दिसतं तुम्हांला."

दुसऱ्या दिवशी सकाळी जमना उभी राहून रेकत होती. सड तटतटलेले, मंडळीची वेळ झालेली. मोंघी बादली घेऊन उभी राहिली. बसली नाही.

"बस की. उशीर होतोय."

"आधी कोनाडा."

जेसंगभाईंनी सवयीनं कॅन उचलला, माप भरलं, जमनाला पाजलं. कॅन जागेवर ठेवला आणि वळले. मोंघी तशीच उभी. जमना पुन्हा रेकली. ते परत वळले, बाटली उघडली आणि गोळी तिच्या हातावर ठेवली. पाण्याचा तांब्यासुद्धा आणून दिला. तेव्हा ती बसली.

बाहेर खाटल्यावरून पुरीबा सगळं बघत होती. दूध काढून मोंघी बाहेर आली तेव्हा तिनं पदराखालचं मनगट बाहेर काढलं, चोळलं, पुन्हा आत घेतलं.

"वहू," ती म्हणाली, "ती अहमदाबादची पोरगी आहे ना, तिला विचार. म्हाताऱ्या हाडांना चालते का ती गोळी."

मोंघी थांबली. जिभेवर आलेलं तिनं या वेळी गिळलं नाही.

"दुधाच्या घरात गोळी कशाला, बा?"

मोंघीनं दुधाची बरणी ओट्यावर ठेवली, कमरेचा फोन काढला आणि इलाबेनचा नंबर लावला.

"इलाबेन, मोंघी बोलतेय खारीसण्याहून. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. गोळ्या चार महिने बंद होत्या. आता दोघींचं विचारायचंय."